अर्ध्या तासाचा जमाखर्च

लग्नाआधी शिकलेलं वाद्य पुन्हा हातात घेतलंय, पण गाडी पुढे सरकत नाही? मग रियाजाची एक वही घाला!

मैत्रिणींनो, तुमच्या घरात वह्या किती आहेत, मोजल्यात कधी? दुधाची एक, किराणामालाची एक, इस्त्रीचे कपडे मांडायची एक, भिशीची एक. शिवाय सिलिंडर कधी लावलं त्या तारखांचा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला असतो, तो वेगळाच. आता यातल्या काही वह्या मोबाइलमध्ये गेल्या असतील, पण हिशेब काही आपल्याला सुटलेला नाही. एखाद्या महिन्यात साखर जास्त लागली तर ती का लागली, हे आपण वही उघडून सांगू शकतो. मग जी गोष्ट आपण निव्वळ स्वतःसाठी करतो, तिचाच तेवढा हिशेब का बरं नसावा?

मी बोलते आहे वाद्याच्या रियाजाबद्दल. माहेरी असताना कुणी सतार शिकलं, कुणी पेटी, कुणी व्हायोलिन. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षाही दिल्या. कुणाची प्रारंभिक झाली, कुणाची प्रवेशिका, एखादीची मध्यमासुद्धा. मग लग्न, बदल्या, बाळंतपणं, मुलांच्या शाळा, सासूबाईंचं आजारपण. वाद्यावर गवसणी चढली आणि ते कपाटावर, नाहीतर पलंगाखाली गेलं.

मुलं जरा मोठी झाली की एक दिवस ती गवसणी निघते. नव्या तारा आणल्या जातात. पहिले पंधरा दिवस मोठ्या उत्साहाचे! आणि मग? दीड-दोन महिन्यांत गवसणी पुन्हा चढते. "आता या वयात काय जमणार!" असं म्हणत आपणच तिची नाडी बांधतो.

थांबा. नाडी बांधण्याआधी एक गोष्ट तपासून पाहा. वय आड येतं, वेळ कमी पडतो, हे खरंच आहे. पण जो अर्धा तास मिळाला, त्याचं काय झालं, हे आपल्याला सांगता येतं का?

अर्धा तास जातो कुठे?

दुपारची जेवणं उरकली, झाकपाक झाली, मुलं शाळेतून यायला अजून तास आहे. तुम्ही सतार काढता. पहिली आठ-दहा मिनिटं तारा लावण्यात जातात. मग थोडे अलंकार, तेही सवयीचेच. मग यमनमधली गत. ती अर्धी छान वाजते, कारण ती अर्धी तुम्हाला कॉलेजात असल्यापासून येते. पुढे एका जागी अडखळायला होतं. तुम्ही 'च्' करता, पुन्हा पहिल्यापासून सुरू करता, पुन्हा तिथेच अडखळता, आणि शेवटी तेवढा तुकडा उडवून पुढे जाता. तेवढ्यात बेल वाजते.

दुसऱ्या दिवशीही हेच. कारण मधल्या तेवीस तासांत पोळ्या झाल्या, डबे झाले, नळाचं पाणी झालं, धाकट्याचा गृहपाठ झाला. काल नेमकं कुठल्या मात्रेवर अडलं होतं, ते डोक्यातून पार गेलेलं असतं. अडलेली जागा आपण विसरतो, अडल्याची खंत तेवढी लक्षात राहते. आणि या खंतीचंच महिन्याभरात "मला जमत नाही" होतं.

वाजवणं आणि रियाज यांतला फरक इथे आहे. येतं ते पुन्हा वाजवलं की मन रमतं, आणि ते काही वाईट नाही. पण येत नाही ते येऊ लागावं म्हणून जे करतो तो रियाज. दिवसाला चार-चार तास बसणाऱ्या विद्यार्थ्याची वीस मिनिटं इकडेतिकडे गेली तरी त्याचं चालून जातं. लिटरभर दुधातलं कपभर उतू गेलं तर चहा होतोच की! आपल्या पातेल्यात मुळात कपभरच आहे. त्याच्यावर लक्ष ठेवायला हवं.

चार प्रश्न, चार ओळी

वही साधीच घ्या, पण सतारीशेजारीच ठेवा, पेन्सिलीसकट. वही दुसऱ्या खोलीत असली की उठून आणायला जायचं आणि वाटेत कुकर लावायचा, हे ठरलेलं! वाजवून झालं की गवसणी घालण्याआधी दोन-तीन मिनिटांत चार प्रश्नांची उत्तरं लिहायची:

१. आज काय घेतलं, किती वेळ?
२. कुठे अडलं?
३. का अडलं असावं?
४. उद्या सुरुवात कशापासून?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जितकं बारीक, तितकं कामाचं. 'गत नीट झाली नाही' हे काही उत्तर नव्हे. 'भाजी बिघडली' म्हणून पुढच्या वेळी सुधारणा होते का? मीठ जास्त झालं, की फोडणी करपली, की शिजलीच नाही, हे कळलं तर होते. तसंच इथे. कुठली ओळ, कुठली मात्रा, कुठला हात, हे लिहा.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर चुकलं तरी चालेल. तो अंदाज आहे. उद्या तो पडताळून पाहायचा, चुकला तर खोडायचा आणि दुसरा करायचा.

आणि चौथा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. आदल्या रात्री डाळ भिजत घातलेली असली की सकाळी डोसे होतात. 'उद्या काय' हे लिहिलेलं असलं की सतार हातात घेतल्याबरोबर कामाला लागता येतं. 'आज काय बरं वाजवू' यात पाच मिनिटं जात नाहीत.

नमुन्याची एक वही

म्हणजे प्रत्यक्षात कसं दिसेल? एक नमुना करून दाखवते. समजा, आपली एक मैत्रीण सतारीवर यमनमधली मसीतखानी गत पुन्हा बसवते आहे. ही गत तीनतालात बाराव्या मात्रेपासून उठते. तिचे उजव्या हाताचे बोल ठरलेले असतात: दिर दा दिर दा रा, आणि मग समेपासून दा दा रा. आता तिची आठवड्याची वही वाचा.

सोमवार, दुपारी ३.१०. २५ मिनिटं. गत तीनदा पूर्ण. समेवर येताना घाई होते, पंधरावी-सोळावी मात्रा पळते. का? सम चुकेल याची धास्ती असावी. उद्या: फक्त बारावी मात्रा ते सम, संथ, दहा वेळा.

मंगळवार, ३.००. २० मिनिटं. मोबाइलवर ठेका लावला, मिनिटाला ६० मात्रा. पहिल्या चार वेळा घाईच, पाचव्यापासून बरं. पण 'दिर'मधला 'र' ऐकूच येत नाही. घाईचं मूळ तिथे असेल? उद्या: डावा हात नको. मोकळ्या तारेवर नुसते बोल.

बुधवार. नाही. नणंदबाई आल्या होत्या.

गुरुवार, ३.२०. १५ मिनिटं. भांडी घासून लगेच बसले. बोटं पाण्याने नरम झालेली, तार रुतते. मग उजव्या हाताचंच घेतलं. नखी सैल आहे! वाजवताना बोटावर फिरते. दाबून घट्ट केली. 'दिर' एकदम मोकळा. उद्या: भांड्यांच्या आधी बसायचं.

शुक्रवार, २.१५. ३० मिनिटं. भांडी तशीच. ६० च्या लयीत लागोपाठ तीनदा सम बरोबर! मग ग वरून तीव्र म पर्यंत मींड घेतली. म उतरलेला लागतो. उद्या: आधी म त्याच्याच पडद्यावर वाजवून ऐकायचा, मग ग च्या पडद्यावरून तार ओढून त्याला गाठायचं.

शनिवार. नाही. मुलांना सुट्टी.

रविवार, सकाळी ६.३०. १५ मिनिटं. दार लावून. म ऐकून मग ओढला, दहांत सहा वेळा लागला. लय ६६ करून पाहिली, 'दिर' पुन्हा चिकटला. ६३ ला ठीक. उद्या: ६३, आणि मींड.

बघा बरं, या एवढ्याशा ओळींतून काय काय कळलं! सोमवारी तिला वाटलं, आपण समेला घाबरतो. मंगळवारी कळलं, अडचण 'दिर'मध्ये आहे. गुरुवारी कळलं, त्या 'दिर'चं निम्मं दुखणं सैल नखीचं होतं! वही नसती तर ती महिनाभर 'माझी लयच कच्ची' म्हणत बसली असती. तीन दिवसांत तक्रार 'मला जमत नाही'वरून नखीवर आली, आणि नखी घट्ट करणं कुणालाही जमतं.

दुसरं, भांड्यांचं. तार दाबून दाबून सतारवाल्यांच्या डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडतात, आणि तेच त्यांचं चिलखत असतं. साबणाच्या पाण्यात हात बराच वेळ राहिले की ते नरम होतात आणि तार रुतते. आधी सतार, मग भांडी, एवढ्या अदलाबदलीने तिचा शुक्रवार सुधारला.

आणि तिसरं. तिला विचारलं असतं, "काय गं, या आठवड्यात किती रियाज झाला?" तर ती म्हणाली असती, "कुठला! पाहुणे, सुट्ट्या, काही झालंच नाही." वही सांगते, पाच दिवस झाला. मिनिटं मिळवून पाहा: एकशे पाच. म्हणजे पावणेदोन तास!

थोरामोठ्यांच्या वह्या

कुणी म्हणेल, आपल्याकडची विद्या गुरुमुखातून घ्यायची. तिथे लिहिण्याचं काय काम? पण आपल्या संगीतातल्या एका फार मोठ्या माणसाची सगळी हयात लिहिण्यात गेली. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे मुंबईचे, पेशाने वकील. तरुणपणी ते सतार शिकले होते. १९०४ साली ते दक्षिण हिंदुस्थानच्या दौऱ्यावर गेले, पुढे आणखीही प्रांत हिंडले. जाणकारांना काय विचारलं, काय उत्तर मिळालं, ते रोजनिशीत टिपून ठेवण्याचा त्यांचा परिपाठ होता. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हे त्यांचे मराठीत लिहिलेले ग्रंथ तर गुरु-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपातच आहेत. शिष्य शंका काढतो, गुरू उलगडा करतो. आपली रियाजाची वही ही त्याच जातीची, फक्त शंका काढणारी आणि उत्तर शोधणारी बाई एकच!

परदेशातलंही एक उदाहरण सांगण्यासारखं आहे. अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीत व्हायोलिन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. तो १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी विद्यार्थ्यांना काय करायला लावलं असेल? रोजनिशी! आठवडाभर, दिवसाचा प्रत्येक तास कशात गेला ते लिहायला सांगितलं. वरच्या दोन गटांतले विद्यार्थी आठवड्याला सुमारे चोवीस तास एकट्याने रियाज करत होते. पुढे संगीतशिक्षक होऊ पाहणाऱ्यांचा रियाज सुमारे नऊ तास भरला. वरचे विद्यार्थी दुपारी झोपही जास्त घेत होते! तेव्हा दुपारी घटकाभर पाठ टेकलीत म्हणून अपराधी वाटून घेऊ नका हं.

नुसत्या सरावानेच सगळं साधतं का, यावर पुढे पुष्कळ वाद झाले. आपल्याला त्या वादात पडायचं नाही, आणि आठवड्याला चोवीस तास तर आपल्याला स्वप्नातही मिळायचे नाहीत. घेण्यासारखं आहे ते एवढंच, की रियाज म्हणजे नुसतं पुन्हा पुन्हा वाजवणं नाही. आज काय सुधारायचं ते ठरवायचं, सुधारलं का ते ऐकायचं, आणि त्यावरून पुढचं ठरवायचं. वही नेमकं हेच करून घेते.

कानाने पकडायचं, खुणेने लिहायचं

वाजवताना आपलं अर्धं लक्ष बोटांकडे असतं, त्यामुळे स्वतःचं वाजवणं स्वतःला पुरतं ऐकू येत नाही. इथे मोबाइलचा उपयोग करा. आठवड्यातून एकदा, दोनच मिनिटांचं वादन रेकॉर्ड करा. पण लगेच ऐकू नका. वाजवून उठल्या उठल्या आपण एकतर स्वतःवर फार खूश असतो, नाहीतर फार नाराज! दुसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता ऐका. घाई, दबलेला बोल, उतरलेला स्वर लगेच कानात भरेल. ते वहीत टिपा.

लिहायला लांबलचक वाक्यं नकोत. भातखंडे पद्धतीच्या खुणा परीक्षेच्या वेळी शिकलाच आहात, त्या पुन्हा वापरात आणा. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र म च्या डोक्यावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब, समेला फुली, खालीला शून्य. अडलेला तुकडा असा स्वरात लिहिला आणि अडलेल्या स्वराभोवती गोल केला की झालं. चार पानांवर तोच गोल त्याच जागी दिसला, तर समजा की मुद्दा तिथेच आहे.

प्रगती मोजायचीही एक सोपी युक्ती आहे. एखादा तुकडा कुठल्या लयीत लागोपाठ तीन वेळा बिनचूक येतो, तो आकडा लिहायचा. आज ६०, पुढच्या आठवड्यात ६३, मग ६६. आकडा एखाद्या दिवशी उतरेलही, उतरू द्या. महिन्याचे आकडे एकाखाली एक पाहा, मग बोला.

पेटी वाजवणाऱ्यांनी लयीबरोबर बोटंही लिहावीत. कुठल्या पट्टीवर कुठलं बोट, आणि अंगठा कुठून खालून न्यायचा. पुष्कळदा तान अडखळते ती बोटं रोज वेगळी पडतात म्हणून. भात्याकडेही लक्ष असू द्या, सूर मध्येच दम तोडतो तो कुठे? व्हायोलिनवाल्यांनी गजाचं लिहावं, कुठला स्वर गज आणताना आणि कुठला नेताना.

काय लिहू नये

वही म्हणजे स्वतःची खरडपट्टी काढायची जागा नाही. 'आज अगदी भिकार वाजवलं', 'मी आळशी आहे', 'कॉलेजात असताना यापेक्षा किती छान वाजवायचे' असल्या ओळी कटाक्षाने टाळा. त्यांतून उद्या काय करायचं हे कळत नाही, नुसती वही उघडण्याची भीती बसते. अठराव्या वर्षीच्या त्या मुलीशी तुलनाही नको. तिला आयता डबा मिळत होता!

वही फार सुरेखही करू नका. शाई, रंगीत पेनं, पानाला नक्षी, हे सुरू झालं की रियाजाचा वेळ वहीत जायला लागतो. पंचवीस मिनिटं वाजवणं, तीन मिनिटं लिहिणं, हे प्रमाण सोडू नका.

चार दिवस खंड पडला तर रविवारी तीन तास बसून भरपाई करू नका. रोजची वीस मिनिटं एकदम साठवून घेता येत नाहीत. उलट हात भरून येतात. आणि मनगट, खांदा किंवा बोट दुखत असेल तर तेही लिहा: कुठे, किती वेळानंतर, काय वाजवताना. बैठक बदलून आणि विसावा घेऊनही दुखणं काही दिवसांत गेलं नाही, तर रियाज थांबवून डॉक्टरांना दाखवा. तेव्हा या नोंदी त्यांनाही उपयोगी पडतील.

शेवटची पानं वाद्याची

वहीची शेवटची चार पानं वाद्यासाठी राखून ठेवा. तारा कधी बदलल्या, कुठली तार वारंवार तुटते, कारागिराकडे कधी नेलं, हे तिथे लिहायचं. पावसाळ्यात पोलादी तारांवर गंज धरतो, म्हणून वाजवून झालं की सुक्या फडक्याने तारा पुसून ठेवा. दमट हवेत खुंट्या फुगून घट्ट बसतात, कोरड्या हवेत सैल होऊन घसरतात. घसरणाऱ्या खुंटीला थोडा खडू लावला की ती धरते.

आणि जवारी! तारांच्या घर्षणाने घोडीवर हळूहळू चऱ्या पडतात आणि सतारीचा आवाज बसतो. हे इतक्या सावकाश होतं की आपल्याला वाटतं, आपलाच हात बिघडला. 'आवाज बसका वाटतो' अशी नोंद पंधरा दिवसांत तीन-चारदा दिसली, तर दोष हाताला देण्याआधी जाणत्या कारागिराकडून जवारी करून घ्या. आपल्या मिरजेत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

'आज नाही' हेही लिहा

आता थोडं नाजूक बोलू. ज्या दिवशी रियाज झाला नाही, त्या दिवशीही वहीत तारीख घाला आणि 'नाही' असं लिहून पुढे कारण लिहा. चिडून नको, दुधाच्या वहीत खाडा मांडतो तसं.

महिन्याच्या शेवटी ही कारणं मोजा. काही खरीच अटळ निघतील: ताप, परीक्षा, घरचं कार्य. काही आपलीच निघतील, फोनवरच्या गप्पा, टीव्हीवरची मालिका. ती निमूटपणे कबूल करायची! आणि काही अशी निघतील की ती बदलता येतील. साडेतीनला रोज कुणी ना कुणी येतंच, तर अडीचला बसता येईल का? संध्याकाळचा चहा पाच दिवस दुसऱ्या कुणी केला तर?

"मला स्वतःसाठी वेळच मिळत नाही," असं आपण घरात शंभरदा म्हणतो. त्यावर "अगं, मग घे की वेळ, कुणी अडवलंय?" असं उत्तर येतं आणि बोलणं तिथेच संपतं. त्याऐवजी असं म्हणून पाहा: "अहो, गेल्या महिन्यात बारा दिवस रियाज झाला नाही. त्यातले सात दिवस चारच्या चहाला उठावं लागलं म्हणून. चहाचं तेवढं तुम्ही बघाल का?" आकडा समोर आला की तक्रारीचं कामकाज होतं, आणि कामकाजावर तोडगा निघतो. सगळ्याच घरांत लगेच निघेल असं मी म्हणत नाही. पण निदान तुमच्या मनातला गोंधळ तरी संपेल. आपल्याला जमत नाही की आपल्याला वेळ मिळत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकमेकींत मिसळल्या की बाई वाद्य सोडते.

घरातल्या पुष्कळ कामांची कुठे नोंद नसते, म्हणून ती कुणाला दिसत नाहीत. रियाजाला तर काम म्हणूनही कुणी धरत नाही. "सतार घेऊन बसली होती," असं म्हणतात, जणू काही वेळ जात नव्हता म्हणून! वहीत तारीख, वेळ आणि मिनिटं पडली की इतरांचं राहू द्या, निदान तुम्ही तरी त्याला काम म्हणून धरायला लागता.

ही वही कुणी वाचायची? तुम्ही, आणि तुम्ही शिकायला जात असाल तर तुमचे गुरुजी किंवा बाई. बाकी कुणी नाही. दुधाच्या वहीशेजारी तिला ठेवू नका, नाहीतर मागच्या पानावर वाण्याची यादी सापडायची. शिकवणीला जाताना मात्र जरूर न्या. "बाई, ही गत बसत नाही," असं म्हटलं की त्या पहिल्यापासून सगळी गत घेतात आणि तास संपतो. "६३ पर्यंत 'दिर' मोकळा येतो, ६६ ला चिकटतो," असं सांगितलं तर त्या सरळ तुमच्या हाताकडे पाहतील. गुरूसमोरचा वेळही आपल्याकडे मोजकाच असतो, नाही का?

आणि महिन्याने...

महिनाभरात चमत्कार होईल असं समजू नका. तानांचा पाऊस पडणार नाही, हळदीकुंकवाला कुणी तुमची मैफलही ठेवणार नाही. पण महिना भरला की एक करा. शांतपणे बसून पहिलं पान वाचा. तिथे लिहिलेली अडचण आज वाजवून पाहा. ती गेली असेल, नाहीतर निदान बदलली असेल. कुठल्या दिवशी गेली, कशाने गेली, तेही वहीत सापडेल. 'हे मी केलं' असं पुराव्यासकट म्हणता येण्याची संधी आपल्याला रोजच्या कामांत फार कमी मिळते. पोळ्या होतात आणि संपतात, कपडे धुतले जातात आणि मळतात. बोटांत आलेली मींड मात्र तुमच्याजवळ राहते.

तेव्हा नवी, महागाची वही आणायलाही जाऊ नका. मुलांच्या गेल्या वर्षीच्या वह्यांत मागची कोरी पानं असतातच. ती काढून शिवून घ्या. पहिल्या पानावर तारीख घाला. रियाज उद्यापासून करायचा असला तरी पहिली ओळ आजच लिहा: 'गवसणी काढली. तारा तपासल्या. उद्या: सा लावायचा.'

मग, घालताय ना वही?